रस्त्याचा नाखवा

आधी आवाज आठवतो. लाकडावर लाकूड आपटल्याचा. ओला, पोकळ, मध्येच अडखळणारा. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. आंबेटखारच्या बांधाखाली एक उघाडी होती, म्हणजे मिठागरात खाडीचे पाणी सोडण्याची आणि अडवण्याची वाट. तिच्या तोंडावर वरून टांगलेली जाड लाकडी झाप होती. ओहोटीला आतले पाणी तिला बाहेर लोटी, भरतीला बाहेरचे पाणी तिला आत दाबी. आणि पाणी फिरण्याच्या अधल्यामधल्या वेळात, कोणाचे ऐकावे हे न उमगून, ती चौकटीवर आपटत राही. पुढे भरतीचे वजन वाढे, झाप गच्च मिटे आणि आवाज थांबे. त्या आवाजापाठोपाठ गाळाचा वास येई; कुजलेल्या पानांचा, शिंपल्यांचा, थोडासा गंजल्या लोखंडासारखा. आणि वासापाठोपाठ कठड्यावर बसलेल्या नाखवांचा शब्द. रस्त्यासाठी त्यांच्यापाशी दोनच शब्द होते: 'जा' आणि 'थांब'.

नाखवा म्हणजे होडीचा धनी, वल्ही आणि वारा यांचा मुखत्यार. आमच्या नाखवांनी मात्र आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता. मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या लाँचमध्येही ते कधी बसले नाहीत. "हालत्या वस्तूवर माजा इस्वास नाय," असे ते सांगत. चाळीस वर्षे त्यांनी मिठागरात मीठ ओढले होते. मिठागर बंद पडले तेव्हा बरोबरीची माणसे कोणी भाडेकरू ठेवून घरी बसली, कोणी वाळू-विटांच्या धंद्यात शिरली. हे तेवढे रोज सकाळी, अंगात बंडी आणि काखेत काळी छत्री घेऊन, बांधावरच्या मोरीच्या, म्हणजे उघाडीवरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर येऊन बसत. त्यांना तिथे कोणी नेमले नव्हते. पण आंबेटखारला जाणारे-येणारे प्रत्येक वाहन त्यांच्यापाशी वेग कमी करी आणि त्यांच्या तोंडाकडे बघे. गावाने चेष्टेने दिलेले नाव अंगाला असे चिकटले होते की त्यांचे खरे नाव मला त्यांच्या दहाव्याच्या दिवशी कळले.

रस्ता म्हणाल तर जेमतेम सहा किलोमीटरचा. सरकारी कागदावर तो राज्यमार्ग होता. त्याला क्रमांक होता, हिरव्या टोपीचे मैलाचे दगड होते आणि फाट्यावर एक निळी पाटी होती, जिच्यावर टायरवाल्याने आपली पाटी खिळ्यांनी ठोकली होती. फाट्यापाशी कंटेनरची आवारे, मग परीक्षाकेंद्राचे मोठे हायस्कूल असलेले गाव, मग तिवरांची दाटी, मग तो अर्ध्या किलोमीटरचा बांध, डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला टाकून दिलेली मिठागरे. बांध संपला की आंबेटखार: देऊळ, आमची छोटी शाळा आणि होड्यांचा धक्का. तिथे राज्यमार्ग पाण्यात उतरून संपे. "कागदावर राज्याचा मार्ग हाय," नाखवा म्हणत, "पन अमाशा-पुनवेला तो खाडीचा हाय. तिचा हक्क जुना."

मी जुईनगरहून त्या शाळेत मराठी शिकवायला जाऊ लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी स्कूटरवरून बांधाशी पोहोचले, तर एका म्हाताऱ्याने फाटकाचा दांडा टाकावा तशी छत्री रस्त्यावर आडवी धरली.

"थांब."

समोर रस्ता कोरडा ठणठणीत होता. उन्हाने डांबर चकाकत होते.

"आजोबा, रस्ता तर कोरडा आहे."

"हाय ना. आता हाय."

"मला शाळेला उशीर होतोय."

"शाळा कुठं पळून जाते? बस."

मी रागाने स्कूटर बंद केली आणि घड्याळ बघत उभी राहिले. चार मिनिटे झाली असतील. प्रथम डांबराच्या भेगांतून बारीक बुडबुडे वर आले, उकळी फुटण्याआधी भांड्याच्या तळाशी दिसतात तसे. मग एक लालसर खेकडा रस्ता ओलांडून गेला, घाई न करता. मग खाडीच्या कडेने एक रुपेरी दोरा सरकत आला, दोऱ्याचा पदर झाला, पदराचे पातळ झाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्ता नाहीसा झाला. कसलाही आवाज न करता. पाण्याची भीती मला लहानपणापासून होती. पण पाणी इतक्या सौजन्याने येते हे मला ठाऊक नव्हते, आणि तेच मला अधिक भयंकर वाटले. म्हाताऱ्याने सरकून बांधाच्या फाट्याकडच्या टोकाच्या कठड्यावर जागा केली.

"बस बाय. दीड-दोन तास हायेत. काय शिकवतंस पोरांना?"

"मराठी."

"ती त त्यांना येते." ते विचारात पडले. "येत नाय ते शिकव की."

त्यांची कुणाशीही पहिली ओळख नावाने होत नसे, तिथीने होई. "आज काय?" हा त्यांचा नमस्कार. उत्तर त्यांना माहीत असे. समोरच्याला माहीत आहे की नाही एवढेच बघायचे असे. मग ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत. तिथीचा जो आकडा, त्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि खाडीच्या आतल्या अंगाला म्हणून वर अर्धा तास टाकायचा, हा त्यांचा हिशेब. अष्टमीला सहा, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे आपल्याकडे पावणेबारा. उधाण असेल तर त्याच्या एक तास आधी बांध सोडायचा. हे गणित त्यांना त्यांच्या वडिलांनी दिले होते आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. सहा आसनांची मिनीडोर चालवणारा सुभाष त्यांना मुद्दाम डिवची.

"नाखवा, मोबाईल बारा बोलतोय. तुमचा पावणेबारा."

"तुजा मोबाईल कुठं बसलाय?"

"असेल कुठंतरी लांब, मुंबईला."

"मंग तो मुंबईचा सांगतोय. मी कठड्यावर बसलोय."

सुभाष हसे, शिवी घातल्यासारखा हॉर्न वाजवी, आणि तरीही नाखवांनी 'जा' म्हटल्याशिवाय क्लच सोडत नसे. हे मी अनेकदा पाहिले. चेष्टा तोंडाने चाले. पाय त्यांच्या शब्दावर चालत.

माझा स्वभाव मुळात धास्तावलेला. घराचे कुलूप लावल्यावर पुन्हा ओढून बघणारी, मुलगी शाळेतून पाच मिनिटे उशिरा आली तर रस्त्यावर जाऊन उभी राहणारी मी. त्या बांधावर तर माझे रोज मरण होई. उधाणाच्या दिवसांत आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याच्या वेळा पुन्हा पुन्हा मोजी. वर्गात कविता शिकवताना कान खिडकीबाहेर असत आणि ओळ तोंडातच विरून जाई. एकदा मी नाखवांना हे सांगितले. सांगताना हसत होते, पण त्यांना हसू आले नाही. त्यांनी खाली उघाडीकडे बोट दाखवले. झाप आपटत होती.

"तुजा जीव या झापेसारका हाय, बाय. पानी चढायच्या आदी वाजतो."

"पण सारखाच वाजतो, त्याचं काय करू?"

"वाजू दे. वाजते ती झाप चांगली. सडलेली वाजत नाय."

माझ्या भित्रेपणाला त्याआधी कोणी चांगले म्हटले नव्हते. घरी त्याला 'उगाच टेन्शन' म्हणत. त्या दिवशी परतताना मला पहिल्यांदा वाटले की धास्ती हे ऐकण्याचेच एक रूप असेल.

याच सुमारास खाडीच्या पलीकडे भराव पडू लागला. डंपरची रांग सकाळपासून दुपारपर्यंत हलत राही. जिथे तिवरे होती तिथे तांबडी माती आली, तिवरांची उरलेली झाडे राखाडी होऊन उभ्यानेच वाळली. ओहोटीला गाळात चोची खुपसणारे बगळे आधी पांगले आणि मग येईनासे झाले. वाऱ्याला चिखलाऐवजी डिझेलचा आणि ओल्या मुरुमाचा वास येऊ लागला. मी नाखवांना विचारले, "एवढी माती पडली, पाण्याच्या वेळा बदलतील का हो?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी चंद्राच्या इमानावर संशय घेतला होता. "तिथी काय डंपरला घाबरते?" ते म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांचा चुकलेला असा मी ऐकलेला हा पहिला अंदाज. आणि तो चुकला तेव्हा रस्त्यावर अकरा मुले होती.

त्या वर्षी दहावीच्या परीक्षेचा पहिला पेपर, मराठीचा, माघातल्या अमावास्येला आला. परीक्षाकेंद्र बांधापलीकडच्या हायस्कुलात. पेपर अकराला, हजर व्हायचे साडेदहाला. आठ दिवस मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते: आठलाच निघू, ओहोटीत पलीकडे जाऊ, तिथे बसून राहू. मुख्याध्यापक साताऱ्याकडचे, गडी रांगडा आणि मनाने उदार. ते म्हणाले, "अवो म्याडम, तुमच्या काळजीनं पोरं आजारी पडतील. तीन तास आधी नेऊन उन्हात बशिवता व्हय? नाखवांना इचारा, त्ये म्हणतील तसं करू." नाखवांनी पेरे मोजली. पावणेबाराला भरती. पावणेअकराच्या आत रस्त्यावर पाणी नाही. "पावनेधाला बांधावर या," ते म्हणाले. "निवांत जा."

आम्ही सांगितल्या वेळी बांधावर आलो. सुभाषच्या मिनीडोरमध्ये अकरा मुले, मांडीवर मांडी ठेवून; पुढे त्याच्याशेजारी मी. देवळात नारळ फोडून झाला होता, सगळ्यांच्या कपाळावर गुलाल होता, कोणीतरी निबंधाची सुरुवात पाठ म्हणत होते. नाखवा गावाकडच्या कठड्यावरून उठले, रस्त्याकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि हात उंचावून म्हणाले, "जा."

उघाडी वाजत नव्हती. हे मला आज आठवते. त्या क्षणी मला एवढेच कळले की काहीतरी नाही. काय नाही ते कळले नाही. मी धास्तावले होते, पण ती धास्ती तर नेहमीचीच होती.

आम्ही बांधाच्या मध्यावर, जिथे रस्ता किंचित दबलेला आहे, तिथे पोहोचलो आणि भेगांतून बुडबुडे आले. खेकडा नाही, दोरा नाही. पाणी दोन्ही बाजूंनी एकदम आले. सुभाषने वेग वाढवला, त्यामुळे पाणी इंजिनात गेले. मिनीडोर दोनदा खोकली आणि बंद पडली. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसेनाशा झाल्या. डावीकडे खाडी, उजवीकडे मिठागराचे खोल खड्डे, मध्ये कुठेतरी बारा हात रुंद राज्यमार्ग, आणि तो नेमका कुठे हे सांगणारी एकच खूण: पुढच्या मैलाच्या दगडाची हिरवी टोपी.

मागून छपछप आवाज आला. नाखवा धावत येत होते. त्या वयाचा माणूस पाण्यात धावताना मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मुलांना एकेक करून खाली उतरवले, हातात हात दिला, छत्री मिटून तिच्या टोकाने रस्त्याची कड चाचपत ते पुढे चालू लागले. मी माझा डबा उघडला, पोळीभाजी पाण्यात टाकली, अकरा जणांची हॉलतिकिटे त्यात घालून झाकण दाबले आणि डबा डोक्यावर धरून सर्वांत शेवटी चालले. पाणी घोट्याला होते, मग गुडघ्याला, मग लहान चणीच्या प्रणालीच्या कमरेला. कोणी रडत नव्हते. छत्रीचे टोक डांबरावर घासत होते, तो आवाज मी मोजत होते. आणि मग प्रणालीचा पाय कडेवरून सुटला. ती उजवीकडे गेली, ओरडलीही नाही. पाण्यावर नुसते तिचे गुलाल लागलेले कपाळ दिसले. नाखवांनी मागे वळून तिचा दप्तराचा पट्टा धरला आणि खेचला. छत्री वाहून गेली. मग त्यांनी पायानेच कड शोधली.

आम्ही केंद्रावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. केंद्रप्रमुखांनी आमच्याकडे पाहिले, आणि एकही प्रश्न न विचारता दार उघडले. मुलांनी ओल्या कपड्यांत पेपर लिहिला. व्हरांड्यात प्रत्येकाच्या चपलांखाली एकेक तळे साचले होते. नाखवा फाटकाबाहेर कुंपणाला टेकून उभे होते. ते आपल्या रिकाम्या हातांकडे परक्याच्या हातांकडे पाहावे तसे पाहत होते.

"नाखवा, सगळी सुखरूप आहेत," मी म्हणाले.

"मी जा बोललू," ते म्हणाले.

"तुमची चूक नाही. भरावामुळे..."

"भराव नाय बोलला, बाय. मी बोललू."

सुभाषने, प्रणालीच्या आईने, खुद्द मुख्याध्यापकांनी त्यांना समजावले. गावाने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून 'जा' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरला निघताना, ओहोटीत, लख्ख कोरड्या रस्त्यावर, सुभाषने गाडी थांबवून विचारले, "नाखवा, जाव ना?" त्यांनी खाली पाहिले, कठड्यावरून उतरले आणि गाडीपुढे चालू लागले. अर्धा किलोमीटर. आम्ही त्यांच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये. पलीकडे पोहोचल्यावर ते बाजूला झाले. शब्दाची जागा पायांनी घेतली होती. उधाणाच्या दिवसांत मग हीच रीत झाली. मोटारसायकली, टेम्पो, लग्नाच्या गाड्या, सगळे त्यांच्या पाठीमागे पायी चालल्याच्या वेगाने. "नाखवानं आता होडी ढकलायला घेतली," सुभाष म्हणे, पण हॉर्न वाजवीत नसे.

'थांब' मात्र त्यांनी ठेवला. "थांबल्यानं कोन मरत नाय," ते म्हणाले.

पुढच्या पंधरवड्यात त्यांनी माझ्याकडे एक वस्तू मागितली. "बाय, शाळेतला खडू दे." मला वाटले नातवंडासाठी असेल. तर ते मला कठड्यावर बसवून म्हणाले, "तू घड्याळ बघ. मी ऐकतू." आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस शिकायला बसला. झापेचा शेवटचा ठोका पडला की ते बोट वर करत. रस्त्यावर पहिला बुडबुडा दिसला की मी मिनिटे सांगे. कठड्याजवळच्या मैलाच्या दगडाच्या पाठीवर ते तेवढ्या लांबीची खडूची रेघ ओढत. मधली सुट्टी, शाळा सुटल्यानंतरचा वेळ, उधाणाचा एकही दिवस आम्ही सोडला नाही. पावसाने रेघा पुसल्या की ते पुन्हा ओढत. हळूहळू कळत गेले. भरतीची वेळ तीच होती; पंचांग खोटे ठरले नव्हते. फक्त खाडीला पसरायला पूर्वी जी तिवरांची आणि गाळाची जागा होती ती उरली नव्हती, म्हणून पाणी उभे चढत होते. झाप मिटल्यापासून रस्त्यावर पाणी यायला त्यांच्या तरुणपणी दीड तास लागे, असे ते सांगत. आमच्या रेघांप्रमाणे आता पाऊण तासही लागत नव्हता.

त्यांनी "आज काय?" विचारणे सोडले. वडिलांनी दिलेले गणित बाजूला ठेवताना त्यांना काय वाटले असेल ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मी एकदाच विचारले. ते खाडीकडे बघत म्हणाले, "माजा बाप तिच्याबद्दल सांगून गेला. आता जिचं तिलाच इचारायचं." आणि नवा नियम त्यांनी मला पाठ करायला लावला, मी मुलांना कविता पाठ करायला लावते तसा: झाप वाजते आहे तोवर जायला वेळ आहे. गप झाली की नाही. मिनिटे शिल्लक असली तरी नाही.

मी शिकले, पण विश्वासले नाही. उघाडीचा आवाज माझ्या कानात शिरला की माझ्याच छातीचे ठोके त्यात मिसळत आणि कोणता कोणाचा हे मला निवडता येत नसे. काय फरक पडतो, मी म्हणे. पुढे चालायला नाखवा आहेत.

मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू, कडेकडेने अंधार आत येत राहिला, आणि मधली उजेडाची पुळण लहान होत गेली. दोनदा ते बांधाच्या कडेवर अडखळले. त्यांची लेक मंदा नावडे कॉलनीत राहते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी नवी छत्री कठड्यावरच ठेवली. कोणी ती उचलली नाही. उन्हाने तिचे कापड विटले, काड्या उघड्या पडल्या.

मी त्यांना भेटायला नावड्याला जाई. चौथा मजला, समोर तळोज्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, हवेला औषधाच्या दुकानासारखा वास. ते गॅलरीत खुर्ची टाकून कान बाहेर लावून बसलेले असत. मंदा कौतुकाने तक्रार करी, "दिसभर लिफ्ट ऐकतात, ताई. कोन वर आला, कोन खाली गेला, सगला सांगतात." नाखवा मान हलवत. "दार उघाडीसारका वाजतो. पन पानी येत नाय." मी निघताना ते माझा हात धरून बांधाची चौकशी करत. कठडा? दगड? झाप? रेघा? मी म्हणे, सगळे आहे. मग ते हात सोडत. पण 'जा' म्हणत नसत. निरोपाला म्हणायचा शब्दही त्यांनी टाकून दिला होता.

यंदाच्या चैत्रात ते गेले. झोपेत, असे मंदाने सांगितले. दहाव्याला तिने त्यांचे नाव असलेला कागद माझ्या हाती दिला, आणि ते नाव मला कोणा अनोळखी माणसाचे वाटले. त्यांच्याशी माझे शेवटचे बोलणे त्याच्या महिनाभर आधीचे, दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळचे. ते लिहावे म्हणून हे सारे लिहीत आले आहे.

उधाणाचे दिवस होते. नऊ मुले साडेसातपासून तयार होऊन देवळापाशी उभी होती, मी त्याहून आधीपासून. आता आम्ही ओहोटीतच निघत असू. पण सुभाषची मिनीडोर फाट्यापाशी कंटेनरच्या रांगेत अडकली. एक ट्रेलर आडवा होऊन बसला होता. तो आला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दुसरी वाट गावामागची कच्ची, बंदराकडून वळसा घालून, त्याच रांगांतून. तिने गेलो तर पेपर बुडालाच. आम्ही बांधाशी आलो. सुभाषने सवयीने कठड्यापाशी गाडी थांबवली. कठड्यावर छत्रीचा सांगाडा होता.

रस्ता कोरडा होता. तसा तो त्याही दिवशी होता.

"म्याडम, जाव का?" सुभाष म्हणाला. मग, हलक्या आवाजात, "बोला काय ते. पोरं बघतायत."

खाली झाप वाजत होती. वाजत होती असे मला वाटत होते. ठोक्यांतले अंतर वाढते आहे की माझा श्वास अडकतो आहे? हा सैल आवाज की शेवटचा? दीड मिनिट गेले, दोन. मागे कुणीतरी पुटपुटत समानार्थी शब्द म्हणत होते. माझ्या डोळ्यांसमोर गुलाल लागलेले कपाळ होते. मी मंदाला फोन लावला.

"मंदाताई, नाखवांना द्या. लवकर."

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग त्यांचा श्वास.

"नाखवा, मी. बांधावर आहे."

"कोन हाय संगती?"

"मुलं. नऊ."

पलीकडे लिफ्टचे दार वाजले. मग ते म्हणाले, "फोन उघाडीला ने."

मी बांधाच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरले. चिखलात गुडघे टेकले. गाळाचा, शिंपल्यांचा, गंजल्या लोखंडाचा तो वास मला वर्षानुवर्षांच्या अंतराने पूर्ण आला; त्यात डिझेल होते, पण त्याच्या खाली तो तसाच होता. मी हात लांब करून फोन झापेच्या चौकटीपाशी धरला.

ठक.

वर मुलांचे पाठांतर थांबले होते. पाणी झापेवर हलकेच चढले, उतरले.

ठक.

नावड्याच्या चौथ्या मजल्यावर, डोळ्यांपुढे काहीच नसलेला एक माणूस कान देऊन ऐकत होता. त्याला इथे येऊन आमच्यापुढे चालता येणार नव्हते. 'थांब' म्हणणे त्याला सोपे होते. थांबल्याने कोणी मरत नाही. पेपर तेवढा बुडतो.

ठक.

मी फोन कानाला लावला. त्यांचा श्वास एकदा आत गेला आणि तिथेच राहिला. मग, अकरा मुलांच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा, ते म्हणाले,

"जा."